दोन ओळी, आणि त्यांच्या वरचं नाव

नागालँडमधल्या कोहिमाच्या टेकडीवर ब्रिटिश सेकंड डिव्हिजनची स्मारकशिळा आहे. तिच्यावर इंग्रजीत एक छोटं कडवं कोरलंय. मराठीत त्याचा अर्थ साधारण असा: ‘घरी जाल तेव्हा त्यांना आमच्याबद्दल सांगा आणि म्हणा, तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आजचा दिवस दिला.’ शाळेच्या फळ्यावर, स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात, माजी सैनिकांच्या मेळाव्याच्या पत्रिकेवर ही ओळ आपल्याला भेटत असते. ती कुणी लिहिली हे बहुतेकांना माहीत नसतं आणि त्यावाचून काही अडतही नाही. पण ती घडली कशी, तिच्यातला कुठला शब्द वाटेत बदलला आणि मराठीत येताना ती कुठे अडखळते, हे बारकाईनं पाहण्यासारखं आहे. युद्धात गेलेल्या माणसाची आठवण कविता किती सांभाळू शकते आणि कुठे तिचा हात पोचत नाही, याचा बराचसा उलगडा त्यातून होतो.

आधी जागेबद्दल. दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल ते जून १९४४ या काळात, कोहिमाला लढाई झाली. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टाच्या एका अंगाला जपानी आणि दुसऱ्या अंगाला ब्रिटिश-भारतीय फौज, इतक्या जवळून. त्या कोर्टाच्या रेषा आज स्मशानभूमीत आखून ठेवल्या आहेत. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी १,४२० थडगी आहेत. शिवाय ज्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालं, त्यांचं वेगळं स्मारक आहे. कोहिमाच्या आधी काही दिवस, मार्चमध्ये, मणिपुरातल्या सांगशाकला ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण लढली. तिथे जपानी जेवढे दिवस अडकले, तेवढे कोहिमाला सावरायला मिळाले. म्हणजे त्या ‘आम्ही’त सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडची माणसंही आहेत, जरी ती शिळा एका ब्रिटिश डिव्हिजनची असली तरी.

हे कडवं कोहिमासाठी लिहिलेलंच नव्हतं. जॉन मॅक्सवेल एडमंड्स हे केंब्रिजचे ग्रीकचे पंडित. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी, १९१८ मध्ये, त्यांनी थडग्यांवर कोरण्याजोगी काही कडवी ‘टाइम्स’मध्ये दिली, त्यांतलं हे एक. मूळ दुसऱ्या ओळीत ‘उद्या’ अनेकवचनी होता, आणि तिथे ‘आम्ही’ नव्हतं, ‘यांनी’ होतं: ‘तुमच्या उद्यांसाठी यांनी आपला आज दिला.’

फरक एका सर्वनामाचा आहे, पण त्यानं बोलणारा माणूसच बदलतो. मूळ कडव्यात मेलेला सैनिक वाटसरूला निरोप देतो आणि निरोपाचे शब्दही त्याच्या हाती ठेवतो: घरी गेलास की थडग्यांकडे हात करून म्हण, ‘यांनी दिला.’ दुसरी ओळ जिवंत माणसाच्या तोंडची आहे. कोहिमाच्या शिळेवर ‘आम्ही दिला’ असं झालं आणि व्याकरण विस्कटलं. वाटसरू घरी जाऊन अगदी शब्दशः तेच म्हणाला, तर ‘आम्ही आमचा आज दिला’ हे तो जिवंतपणी स्वतःबद्दल बोलतोय असं होईल. तरीही लोकांच्या तोंडी हाच पाठ बसला, कारण मेलेल्यांचा आवाज शेवटपर्यंत त्यांचाच राहतो. मूळ पाठ जास्त काटेकोर आहे हे मान्य करूनही मला शिळेवरचाच पाठ जास्त जवळचा वाटतो.

मराठीत इथे आपल्याला एक गोष्ट फुकट मिळते, जी इंग्रजीला मिळत नाही. इंग्रजीत एकच ‘वी’. आपल्याकडे ‘आम्ही’ वेगळं, ‘आपण’ वेगळं. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. कोहिमाची ओळ मराठीत ‘आम्ही’नंच यायला हवी. समोर उभं राहून वाचणारा त्या गटात नाही, हे शब्दातच कळलं पाहिजे. कुणी सलोख्याच्या भावनेनं ‘आपण’ केलं तर ओळ तिथेच मरते.

पण एक गोष्ट आपल्याला महागातही पडते. ‘तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला’ असं सरसकट लिहिलेलं दिसतं. मराठी कानाला ‘आज’ हे आधी क्रियाविशेषण वाटतं. ‘आमचा आज दिला’ वाचलं की मन विचारतं, आमचा काय? आणि दिला तो आज दिला का? ‘उद्यासाठी’ला प्रत्यय लागल्यानं ते नाम म्हणून चालून जातं, ‘आज’ उघडा राहिल्यानं चालत नाही. म्हणून ‘आजचा दिवस’ करावं लागतं. अक्षरं वाढतात, उद्या-आज हा तोल थोडा ढळतो, पण अर्थ उभा राहतो. दगडावरच्या ओळीला दुसऱ्यांदा वाचण्याची सवलत नसते. माणूस चालता चालता वाचतो, बहुधा ऊन डोळ्यावर घेत, आणि पहिल्या वाचनात जे कळलं तेच घेऊन जातो.

एडमंड्सच्या मागे एक फार जुनी ओळ होती. इसवी सनपूर्व ४८० मध्ये ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या खिंडीत इराणी फौजेला अडवताना स्पार्टाचे तीनशे पडले. त्यांच्यासाठी तिथे जे दोन चरण कोरले गेले, त्यांचा भावार्थ: ‘वाटसरू, लॅकेडायमॉनच्या (म्हणजे स्पार्टाच्या) लोकांना सांग, त्यांच्या शब्दाला जागून आम्ही इथे पडून आहोत.’ परंपरा हे कडवं ग्रीक कवी सिमोनिडीसच्या नावावर टाकते. इतिहासकार हिरोडोटस ते उद्धृत करतो, पण या कडव्याच्या कवीचं नाव देत नाही. आणि इथेही एक शब्द घसरला. हिरोडोटसच्या पाठात ‘शब्द, सांगणं’ अशा अर्थाचा शब्द आहे. पुढच्या काळात त्या जागी ‘कायदे’ आले, रोमन वक्ता सिसेरोनं लॅटिनमध्ये नेताना तर पवित्र कायदे केले. घरच्यांनी सांगितलं म्हणून थांबलो, यात एक साधेपणा आहे. कायद्याला जागून मेलो म्हटलं की त्यात राज्याचा आवाज शिरतो. स्मारकांवरच्या कवितेला हा धोका कायमच असतो: मेलेल्याच्या तोंडी जिवंतांना सोयीचं वाक्य घातलं जातं.

या कडव्यात एकाचंही नाव नाही. तरी ते अडीच हजार वर्षं टिकलं, त्यामुळे नावाची गरज काय असं वाटू शकतं. पण नावं होती, फक्त ती दुसरीकडे होती. हिरोडोटस म्हणतो की तीनशेही जणांची नावं त्यानं माहीत करून घेतली. पुढे काही शतकांनी ग्रीक प्रवासी लेखक पॉसेनियास स्पार्टाला गेला, तेव्हा त्याला तिथे एक शिळा दिसली: थर्मोपिलीला लढलेल्यांची नावं, वडिलांच्या नावासकट. खिंडीत कविता, गावात यादी. आईबाप, बायकामुलं, भाऊबंद गावात होते, त्यांना नाव हवं होतं. खिंडीतून जाणाऱ्या परक्याला दोन ओळी पुरेशा होत्या. आणि त्या खिंडीत स्पार्टन मालकांबरोबर हेलट, म्हणजे त्यांचे बांधलेले शेतगडी, हेही मेले होते. त्यांची ना कविता, ना यादी.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी नाव आणि ओळ एकाच दगडावर आणली. १९१७ मध्ये इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन स्थापन झालं, आजचं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन तेच. त्यांनी ठरवलेला थडग्याचा दगड २ फूट ८ इंच उंच, १ फूट ३ इंच रुंद, ३ इंच जाड. जनरल असो की साधा शिपाई, माप तेच. वर पलटणीचं चिन्ह, त्याखाली नंबर, हुद्दा, नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि वय, मध्ये धर्मचिन्ह. अगदी तळाशी, गवताच्या वर, घरच्यांसाठी जागा ठेवली: जास्तीत जास्त ६६ अक्षरं, दोन शब्दांमधली मोकळी जागाही एक अक्षर धरून. दर अक्षरामागे साडेतीन पेन्स. पूर्ण ६६ घेतली तर १९ शिलिंग ३ पेन्स, म्हणजे एका पौंडाला जेमतेम नऊ पेन्स कमी. गरीब घराला ही रक्कम जड होती, म्हणून पुढे ती ऐच्छिक केली. कॅनडाच्या सरकारनं आपल्या माणसांचा खर्च स्वतः उचलला. न्यूझीलंडनं ही ओळच नाकारली: सगळे सारखे, तर एकाच्या दगडावर कविता आणि दुसऱ्याच्या दगडावर कोरं असं नको.

६६ अक्षरं म्हणजे इंग्रजीत अकरा-बारा शब्द. तेवढ्यात आईनं काय म्हणायचं? बहुतेकांनी बायबलमधलं वचन किंवा स्तोत्राची ओळ घेतली. काहींनी घरातलं लाडाचं नाव कोरून घेतलं. एका आईनं मुलाचीच कविता घेतली, आणि त्या मर्यादेत कविता कशी उलटी होऊ शकते याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ ला फ्रान्समध्ये ऑर्सजवळच्या कालव्यावर मारला गेला. युद्ध संपायला आठवडा उरला होता. श्रूजबरीत त्याच्या घरी तार पोचली ती ११ नोव्हेंबरला, युद्धबंदीच्या घंटा वाजत असताना. त्याच्या ‘अंत’ अशा अर्थाच्या शीर्षकाच्या सुनीतात एक प्रश्न आहे: जीवन या देहांना पुन्हा नवं करील का? खरोखरच ते सगळं मरण रद्द करील, सगळी आसवं पुसून टाकील? आणि पुढच्या सहा ओळींत उत्तर येतं, ते नकाराचं. वार्धक्य म्हणतं, नाही. पृथ्वी म्हणते, हे मरणच आहे. आईनं, सुझन ओवेन यांनी, थडग्यासाठी घेतलेला मजकूर असा: जीवन या देहांना पुन्हा नवं करील का? खरोखर सगळं मरण ते रद्द करील. पहिल्या वाक्याचं प्रश्नचिन्ह राहिलं, दुसऱ्याचं गेलं. मुलानं विचारलेल्या शंकेचं आईनं आश्वासन केलं.

या ओळीची इंग्रजी अक्षरं आणि मोकळ्या जागा मोजल्या तर ६४ भरतात, विरामचिन्ह सोडून. म्हणजे आसवांचे शब्द त्या जागेत मावलेच नसते. वाक्य ‘रद्द करील’पाशी तोडणं भागच होतं, आणि तिथे तोडल्यावर प्रश्नचिन्ह ठेवायचं की पूर्णविराम, एवढाच निर्णय आईच्या हाती उरला. तिनं मुलाचं म्हणणं बदललं असा आरोप अभ्यासक करतात. मला तो करवत नाही. कवीची कविता पुस्तकात शाबूत आहे. दगड आईचा होता.

याच सुझन ओवेन यांनी १९२० मध्ये रवींद्रनाथ ठाकूरांना पत्र लिहिलं. शेवटचा निरोप घेताना मुलानं त्यांच्या इंग्रजी ‘गीतांजली’तल्या ओळी म्हटल्या होत्या: इथून जाताना माझा शेवटचा शब्द हाच असू दे, की मी जे पाहिलं ते अतुलनीय होतं. नंतर त्याची खिशातली वही घरी आली, तिच्यात त्याच ओळी त्याच्या अक्षरात होत्या आणि खाली ठाकूरांचं नाव. बंगालीतली ओळ इंग्रजीच्या वाटेनं फ्रान्सच्या खंदकात गेली आणि एका इंग्रज आईच्या पत्रातून परत ठाकूरांकडे आली.

ज्यांचा देह ओळखताच आला नाही त्यांच्या दगडावर नावाच्या जागी काय घालायचं? हे शब्द इंग्रज लेखक रडयार्ड किपलिंगनं सुचवले: महायुद्धातला एक सैनिक, आणि तळाशी ‘देवाला माहीत असलेला’. त्याचा अठरा वर्षांचा मुलगा जॉन सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाला होता. वडील १९३६ मध्ये वारले, तोवर मुलाचं थडगं सापडलेलं नव्हतं. हे माहीत असलं की ते तीन-चार शब्द सरकारी वाटत नाहीत.

किपलिंगनं युद्धातल्या मृतांसाठी छोटी कडवी लिहिली, त्यात एक फ्रान्समधल्या हिंदू शिपायासाठी आहे. आशय असा: हा माणूस आपल्या देशात कुठल्या दैवतांची प्रार्थना करत होता ते आम्हाला ठाऊक नाही, आमच्या देशात त्यानं दाखवलेल्या शौर्याचं फळ त्या दैवतांनी त्याला द्यावं, अशी आमची प्रार्थना आहे. त्यात सच्ची कृतज्ञता आहे. पण नीट पाहिलं तर हे त्या शिपायाच्या कुटुंबासाठी नाही, इंग्रज वाचकासाठी आहे. साताऱ्याच्या आईला आपला मुलगा कुठल्या देवाला हात जोडत होता हे नक्की ठाऊक होतं. खंडोबा की जोतिबा, हेही.

फ्रान्समध्ये नव-शापेलला भारतीय सैनिकांचं स्मारक आहे, ७ ऑक्टोबर १९२७ ला उघडलेलं, हर्बर्ट बेकरनं आखलेलं. तिथे ४,७०० हून जास्त नावं आहेत आणि ती खरोखर कोरलेली आहेत. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, मृतांसाठी १९२९ मध्ये उघडलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर मात्र वेगळा न्याय लागला. ४०,५०० हून जास्त माणसांचं ते स्मारक. ब्रिटिशांची नावं कोरली, भारतीय अधिकाऱ्यांची कोरली. भारतीय शिपायांचा पलटणवार आकडा घातला. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीपर्यंत उपासमार, त्यानंतर कैद आणि वाळवंटातली पायपीट. त्या पलटणींतल्या ज्या शिपायांची कबर किंवा चिता ठाऊक नाही, ते बसऱ्याच्या दगडावर एका आकड्यात गेले. २०२१ मध्ये कमिशननं स्वतःच नेमलेल्या समितीनं कबूल केलं की पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांची, त्यात भारतीय मोठ्या संख्येनं, आठवण असमान रीतीनं ठेवली गेली, आणि आणखी निदान १ लाख १६ हजार जणांची नावानं नोंद झालीच नाही.

आपल्या गावांतल्या पाट्याही त्याच वळणाच्या. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत हाताच्या दोन वितींएवढी संगमरवरी पाटी असते. तिच्यावर इंग्रजीत: या गावातून इतकी माणसं १९१४–१९१९ च्या महायुद्धात गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे. सगळ्या पाट्यांचा साचा एक, आकड्यांच्या जागा तेवढ्या भरलेल्या. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावचे ४६ जण त्या युद्धात मारले गेले. ज्या भाषेत पाटी, ती भाषा त्या वेळी गावात जवळपास कुणालाच वाचता येत नव्हती. नाव नाही, ओळ नाही, आणि अक्षरओळखही नाही.

ब्रिटिशांना दोष देऊन इथे थांबता येत नाही, कारण मराठीतली सर्वांत प्रसिद्ध मृत्युवार्ता अशीच आहे. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतानंतर सावकारी पत्रातून नानासाहेब पेशव्यांपर्यंत पोचलेला तो मजकूर: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, आणि रुपये, खुर्दा किती गेला याची गणती नाही. सावकाराची सांकेतिक भाषा होती ती, पण कवितेहून कमी नाही. शोकाचा एकही शब्द न वापरता एवढा शोक मराठीत दुसऱ्या कुणी लिहिलेला नाही. भाऊसाहेब आणि विश्वासराव हे दोन मोती. सरदार म्हणजे मोहरा. आणि खुर्दा म्हणजे ज्यांच्या घरी कार्तिकात वाट पाहिली गेली आणि माघातही वाट पाहिली गेली, ते सगळे. बसऱ्याच्या दगडावर अधिकारी नावानं आणि शिपाई आकड्यानं, हे त्याच हिशोबाचं पान आहे.

वीरगळांनी हा हिशोब थोडा वेगळा मांडला. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, देवळाच्या आवारात किंवा गावाच्या वेशीवर, हे दगड उभे असतात. बहुतेकांवर तीन किंवा चार पट्टे. तळाच्या पट्ट्यात आडवा पडलेला वीर, कधी बाजूला गुरं; गाई सोडवताना मेलेल्याचा तो दगड. त्याच्या वर लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन जाताना. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना, माथ्यावर चंद्र-सूर्य आणि कळस: ते आहेत तोवर याची कीर्ती. बोरिवलीजवळ एक्सरला जहाजांची लढाई कोरलेले वीरगळ आहेत, वल्ह्यांच्या रांगा अजून मोजता येतात. वाचता न येणाऱ्यालाही खालून वर सगळं कळतं.

कर्नाटकात आणि इकडेही काही वीरगळांवर लेख असतो, आणि त्यात पुन्हा पुन्हा येणारा एक अनुष्टुभ: ‘जितेन लभ्यते लक्ष्मीर्मृतेनापि सुराङ्गना । क्षणविध्वंसिनी काया का चिन्ता मरणे रणे ॥’ जिंकलास तर लक्ष्मी, मेलास तर अप्सरा. क्षणात नासणारी काया, मग रणात मरायची चिंता कसली. बत्तीस अक्षरांत बसलेला श्लोक, घासून गुळगुळीत, कुठल्याही दगडावर चालणारा. त्याचा दोषही तोच आहे. तो लढाईला निघणाऱ्याला सांगितलेला आहे, मेलेल्याबद्दल त्यात काहीच नाही. त्या माणसाला दगडावर आणतो तो श्लोकाच्या आधीचा गद्य मजकूर: शक, गाव, कुणाशी लढाई, अमक्याचा मुलगा अमका. आणि जिथे लेखच नाही, तिथे वीर कायमचा अनाम झाला. शेंदराचे थर चढून त्याचा देव झाला, किंवा दगड धुण्याला गेला.

म्हणून स्मारक उभारताना गावात आधी कवितेची चर्चा सुरू होते, तेव्हा ती मागे ठेवावी. आधी यादी. ती पक्की झाली की मग दोन ओळी, आणि दोनच. शब्द निवडताना ‘शहीद’, ‘हुतात्मा’, ‘वीरगती’ यांवर पुष्कळ वाद होतात. सैन्याच्या कागदात यांपैकी काहीच नसतं, तिथे ‘बॅटल कॅज्युअल्टी’ असते. मला आपला जुना ‘धारातीर्थी पडले’ आवडतो. तलवारीची धार हेच तीर्थ, हा अर्थ एका समासात आहे. पण सुरुंगात किंवा हिमकड्याखाली गेलेल्याला तो लागू पडत नाही, हेही खरं. तिथे ‘कामी आले’ पुरतं.

दगड आणि अक्षर यांच्यात सर्वांत जास्त चुका होतात. हल्ली गावोगाव काळा पॉलिश ग्रॅनाइट वापरतात. त्यावर रबरी स्टेन्सिल चिकटवून वाळूचा मारा करतात. मारा झालेला भाग राखाडी-पांढरा दिसतो, रंग न भरताही वाचता येतो. सोनेरी ऑइलपेंट भरला की चार पावसाळ्यांत पापुद्रे निघतात आणि अर्धवट रंगलेलं नाव कोऱ्या नावापेक्षा वाईट दिसतं. माऱ्यात स्टेन्सिलचे बारके तुकडे उडतात: अनुस्वार पसरट होतो, ‘ध’ आणि ‘थ’च्या पोटातलं बेट नाहीसं होतं, ‘द्ध’ आणि ‘द्व’ ओळखू येत नाहीत. म्हणून ठेंगणा, जाड टाइप नको. पोटं मोकळी असलेला घ्यावा. हातानं कोरलेलं असेल तर काप दोन्ही बाजूंनी तिरका, तळाशी टोकदार. मग सावलीच अक्षर वाचून दाखवते. त्यासाठी दगडाचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला हवं. उत्तरेला तोंड केलं तर वर्षाचे बरेच महिने त्यावर तिरपं ऊनच पडत नाही.

तीन मीटरवरून आरामात वाचायचं तर अक्षर साधारण २५ मिलिमीटर उंच लागतं. ६०० मिलिमीटर रुंद दगडाला दोन्हीकडे ५० सोडले की ओळीत वीसेक अक्षरं बसतात. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, म्हणून एका शिरोरेघेपासून दुसरीपर्यंत निदान ५० मिलिमीटर. इंग्रजी पाट्यांचं अंतर उचललं की खालच्या ओळीचा रफार वरच्या ओळीच्या उकाराला भिडतो. मजकूर जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये नेला असेल तर रफार आणि पहिली वेलांटी हमखास एक अक्षर पुढे-मागे सरकते. डीटीपीवाल्याच्या पडद्यावर तपासून भागत नाही, पूर्ण आकाराचा कागदी छापा काढून दगडाच्या जागी चिकटवावा आणि घरच्यांनी आपापलं नाव बोटानं वाचावं.

नावांचा क्रम हुद्द्यानं लावू नये; तारखेनं किंवा अक्षरानं. यादीच्या खाली जागा मोकळी सोडावी. अनावरण कुणाच्या हस्ते झालं ते घालायचंच असेल तर ते मृतांच्या नावापेक्षा लहान अक्षरात, दगडाच्या कडेला. कित्येक ठिकाणी ते सर्वांत वर आणि सर्वांत मोठं असतं, आणि ते पाहून फार वाईट वाटतं.

सर्वांत कठीण काम जुन्या शिपायांचं. पहिल्या युद्धातल्या भारतीयांची नावं कमिशनच्या नोंदीत इंग्रजीत आहेत, पुष्कळ ठिकाणी वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा यांच्यासकट, स्पार्टाच्या शिळेसारखी. दुसऱ्या युद्धातले नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर रोमन अक्षरांत आहे आणि माणगावला त्यांचा पुतळा आहे, म्हणून त्यांचं नाव घरी शाबूत राहिलं. बाकीच्यांचं नाव इंग्रजीतून परत आणावं लागतं, आणि इंग्रजीत ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही, त-ट आणि द-ड यांत भेद नाही, काना कुठे आहे हे कळत नाही. एकाच स्पेलिंगचे काळे आणि काले होतात, गणू आणि गानू होतात, साबळे आणि सबले होतात. अंदाजानं लिहू नये. जुने फेरफार, शाळेचं दाखलखारीज रजिस्टर, पेन्शनची कागदपत्रं, भाटाच्या वह्या पाहाव्यात. आणि गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारावं, त्या घराला काय म्हणतात. नोंदीत ‘बाला’ वाचता येत असेल आणि ती म्हणाली ‘बाळाचं घर’, तर दगडावर ‘ळ’ जायला हवा. त्याच्या दोन वळणांत दगडाचे दोन लहान तुकडे उरतात, ते उडाले की अक्षर जातं. छिन्नीचा पहिला घाव घालण्याआधी त्याच्या पेन्सिलीच्या रेघा तिला दाखवून घ्याव्यात.